तक्रार नाही म्हणजे आजार नाही?

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांची एक जुनी खोड आहे. एरर लॉग रिकामा दिसला की म्हणायचं, चला, सगळं नीट चाललंय. लॉगिंगच बंद असेल, हे कुणाच्या डोक्यात येत नाही.

खेड्यातल्या बायकांच्या आजारांबाबत कित्येक वर्षं असंच चाललं. सरकारी योजनांचा भर बाळंतपण आणि कुटुंबनियोजनावर. बाकी आजारांचे आकडे मुख्यतः दवाखान्यात येणाऱ्या बायकांचे. पण येणार कोण? 'अंगावरून पांढरं जातंय' हे जी बाई नवऱ्यालाही सांगत नाही, ती पुरुष डॉक्टरला काय सांगणार!

गडचिरोलीत डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी उलटं केलं. राणीताई स्वतः स्त्रीरोगतज्ज्ञ. दोन गावं घेतली आणि तक्रार असो वा नसो, ६५० जणींना तपासलं. नुसती प्रश्नावली नाही हं, अंतर्गत तपासणी आणि लॅबच्या टेस्टसुद्धा.

१९८९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष छापून आले. ९२ टक्के जणींना एक तरी स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार. एकीमागे सरासरी ३.६ आजार. आणि याआधी अशी तपासणी झालेल्या किती? फक्त ८ टक्के.

मी अडकलो ते वेगळ्याच आकड्यावर. तक्रार सांगितली होती ५५ टक्के जणींनीच. बाकीच्यांचं म्हणणं, मला काही नाही.

हे वाचून आईला फोन केला. म्हटलं, तू शेवटची तपासणी कधी केलीस?

"तुझ्या वेळेला," ती म्हणाली.