मासोळीचं नाव

कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्यानं १८३९ मध्ये दख्खनच्या नद्यांतल्या माशांची वर्णनं छापली. काही नावं त्यानं इथल्याच बोलीतून घेतली: मुल्या, नुक्ता. जगभरच्या शास्त्रात ती आजही चालतात. पुढे जोडतात ते साइक्सचं नाव, सांगणाऱ्यांचं नाही.

आपल्या गोदावरी-मांजरातली काळ्या ठिपक्यांची चिमुकली मासोळी आपण काचेच्या पेटीत पाळू शकतो. ती पाणवनस्पतींत अंडी सोडते आणि स्वतःच खातेही. म्हणून अंडी दिसताच जोडी दुसऱ्या भांड्यात काढायची.

तिला नांदेड-लातूरच्या आपल्या आज्या काय म्हणतात? विचारून पेटीवर लिहू या. या वेळी सांगणारीचं नावही लिहू.