नवा पंखा चार दिवसांत बंद पडला? मोटर जळाली असं ठरवण्याआधी एवढं तपासा

नवा पंखा बंद पडला की घरात दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. पहिलं, "कंपनीने फसवलं." दुसरं, "मोटर जळाली असणार." मग कुणीतरी स्टूल आणतं, कुणी स्क्रू ड्रायव्हर शोधतं, आणि वॉरंटीतला पंखा घरच्या घरी उघडला जातो.

जरा थांबा. पंख्याची मोटर हा तसा दणकट प्रकार आहे. आजीच्या घरातला पंखा वीस-पंचवीस वर्षं कुरकुरत का होईना, फिरत असतो तो याच मोटरच्या जोरावर. नवी मोटर बिघडूच शकत नाही असं नाही, पण ती निदान कारखान्यातून तपासून आलेली असते. न तपासलेलं असतं ते छताला लटकून घाईघाईत केलेलं जोडकाम. शिवाय भिंतीतली वायर आणि रेग्युलेटर बहुतेक वेळा जुनेच असतात. म्हणून शोध तिथून सुरू करायचा.

आधी मेन बंद

पंख्याचं बटण बंद केलं म्हणजे वीज बंद झाली, हा समज जीवघेणा ठरू शकतो. बटण फेजच्या वायरवर असायला हवं. पण वायरिंग करताना अदलाबदल झाली असेल तर ते न्यूट्रलवर येतं. अशा घरात बटण बंद असतानाही पंख्यापर्यंत फेज पोचलेली असते. पंखा फिरत नाही, पण हात लावला तर झटका बसतो. रेग्युलेटर शून्यावर ठेवणं म्हणजे वीज तोडणं नव्हेच.

त्यामुळे पंख्याला हात लावण्याआधी त्या खोलीचा एमसीबी खाली पाडा. तो कोणता हे माहीत नसेल तर सरळ मेन स्विच बंद करा. घरातल्या इतरांना सांगून ठेवा, नाहीतर "लाईट का गेली?" म्हणत कुणीतरी तो पुन्हा वर करतं. आणि चाकांची खुर्ची हे स्टूल नाही, हेही लक्षात असू द्या.

बंद पडला, पण कसा?

वायरमन आला की पहिला प्रश्न हाच विचारतो. त्याचं उत्तर नीट दिलंत तर अर्धं काम तिथेच होतं.

पंखा पूर्ण गप्प आहे, जराही आवाज नाही? मग बहुधा वीज मोटरपर्यंत पोचतच नाही. पंखा गुणगुणतो पण फिरत नाही? मग वीज पोचते आहे, अडचण पुढे आहे. मधेच बंद पडतो आणि मधेच आपोआप सुरू होतो? कुठेतरी जोड सैल आहे. तासभर चालून थांबतो आणि थंड झाल्यावर पुन्हा फिरतो? जोड तापत असेल किंवा मोटर. काही मोटरींमध्ये जास्त तापल्यावर वीज तोडणारा थर्मल प्रोटेक्टर असतो, तो आपलं काम करत असेल. पण नवी मोटर इतकी तापतेच का, याचं उत्तर कंपनीच्या माणसाने द्यायचं.

बटण चालू करताच एमसीबी पडत असेल तर पुन्हा पुन्हा वर करून बघू नका. कुठेतरी शॉर्ट आहे. एमसीबी न पडता आरसीसीबी पडत असेल तर वीज पंख्याच्या अंगावर किंवा अर्थिंगच्या वायरीत गळत असण्याची शक्यता जास्त. दोन्ही वेळा पुढचं काम वायरमनचं. जळका वास आला तरी तसंच.

शिडी न लावता होणाऱ्या तपासण्या

त्याच बोर्डवरचा दिवा लागतो का बघा. लागत नसेल तर पंखा निर्दोष आहे, त्या लाईनीवरच वीज नाही.

मग रेग्युलेटर ५ वर न्या. हल्लीच्या बऱ्याच स्टेप रेग्युलेटरमध्ये शेवटच्या आकड्यावर पंख्याला थेट वीज मिळते आणि आधीच्या आकड्यांवर ती रेग्युलेटरमधल्या भागांतून जाते. ५ वर पंखा मस्त फिरतो आणि २ किंवा ३ वर थांबतो, असं असेल तर दोष रेग्युलेटरचा. ५ वरही गप्प असेल तरी रेग्युलेटर सुटला असं समजू नका, पूर्ण मेलेला रेग्युलेटरही असाच वागतो. वायरमन तो बाजूला काढून पंखा थेट बटणावर जोडून बघतो. पाच मिनिटांचं काम आहे. मोटरबद्दल काहीही बोलण्याआधी ते करायला लावा.

तिसरी तपासणी मेन बंद करून. लांब लाकडी काठीने पातं हळूच ढकला. साधा पंखा न अडखळता काही फेरे फिरून हळूहळू थांबला पाहिजे. खरखर आली किंवा अर्ध्या फेऱ्यात अडकला, तर आधी मोटरच्या वरची वाटी बघा. दांड्यावरून घसरून ती मोटरला टेकली असेल तर एक स्क्रू आवळून काम होतं. तसं नसेल तर बेअरिंग, आणि नव्या पंख्यात ते वॉरंटीचं काम. बीएलडीसी पंखा हाताने फिरवताना थोडा अडखळतो. त्यात चुंबकं असतात, त्यामुळे तेवढं चालायचंच.

गुणगुणतो पण फिरत नाही: कंडेन्सर

बिल्डिंगखालचा इलेक्ट्रिकवाला ज्याला कंडेन्सर म्हणतो, तो म्हणजे कपॅसिटर. पंख्याच्या दांड्याजवळ वाटीत लपलेली ही छोटी डबी किंवा नळी. घरातल्या साध्या पंख्यात ती बहुधा २.५ मायक्रोफॅरडची असते, काहींत ३.१५ ची.

तिचं काम काय? घरात येणारी सिंगल फेज वीज मोटरला नुसती थरथरवते, फिरायला लावत नाही. म्हणून मोटरमध्ये दोन वाइंडिंग असतात, आणि कपॅसिटर त्यातल्या एकीतला प्रवाह दुसरीच्या जरा पुढे नेतो. या पुढे-मागे असण्यामुळे मोटरला दिशा मिळते आणि पंखा उचल खातो. कपॅसिटर गेला किंवा त्याची वायर निसटली की उरते फक्त थरथर, म्हणजेच ती गुणगुण.

ओळखायची युक्ती सोपी आहे. मेन बंद असताना काठीने पंखा फिरता करा, बाजूला व्हा, आणि तो फिरतोय तोवर दुसऱ्या कुणाला मेन आणि बटण चालू करायला सांगा. ढकलल्यावर पंखा वेग घेत असेल तर संशय कपॅसिटरवर किंवा त्याच्या वायरीवर. चालू पंख्याला हाताने ढकलायचा प्रकार मात्र करू नका. तो अचानक उचल खातो आणि पातं धातूचं असतं.

कपॅसिटर साधारण शंभर रुपयांच्या आतबाहेर मिळतो. जुन्यावर जो आकडा आहे तोच आणायचा. जास्त आकड्याचा बसवला तर पंखा जोरात फिरेल, असं सांगणारे भेटतात. त्याने वाइंडिंग तापतं, बाकी काही साधत नाही. आणि कपॅसिटर वीज बंद केल्यावरही थोडा भार धरून ठेवू शकतो, तेव्हा त्याच्या उघड्या टोकांना बोट लावू नका.

जाता जाता: पंखा फिरतोय पण खाली वाराच लागत नाही, अशी तक्रार असेल तर खालून बघा. आपल्याकडचे पंखे सहसा खालून बघताना घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतात. तुमचा काट्यांप्रमाणे फिरत असेल तर कपॅसिटरच्या वायरी उलट्या जोडल्या आहेत आणि हवा छताकडे चालली आहे.

टेस्टर पेटतो, तरी पंखा बंद

इथे भलेभले चकतात. टेस्टर लावला, दिवा पेटला, "लाईट येतेय, म्हणजे पंखाच गेला" असा निकाल देऊन टाकला. टेस्टर फक्त फेज दाखवतो. वीज परत जाण्याचा रस्ता, म्हणजे न्यूट्रल, तुटलाय की शाबूत आहे हे तो सांगत नाही. न्यूट्रल तुटला असेल तर फेज मोटरच्या वाइंडिंगमधून दुसऱ्या टोकाला पोचते आणि पंख्याच्या दोन्ही वायरींवर टेस्टर पेटतो. हे दिसलं की मोटरला दोष देणं सोडा आणि न्यूट्रलचा जोड शोधायला सांगा.

तो तुटतो कुठे? बहुतेक वेळा छताजवळच्या वाटीत. जुनी वायर आणि पंख्याची वायर हाताने पिळून वरून टेप गुंडाळलेली असते. जुन्या इमारतीत छतातली वायर ॲल्युमिनियमची असू शकते. तिला तांब्याची वायर नुसती पिळून जोडली तर जोड काही दिवसांत काळवंडतो, तापतो आणि सुटतो. अशा ठिकाणी स्क्रूचा चांगला कनेक्टर हवा, नुसता टेप नको.

त्यात पंखा डुलत असेल तर विचारायलाच नको. डुलणारा पंखा प्रत्येक फेऱ्याला तो जोड थोडा हलवतो. पाती संच म्हणून जुळवलेली असतात, त्यामुळे दोन खोक्यांतली पाती एकमेकांत मिसळली की पंखा डुलायला लागतो. दोन पंखे एकाच दिवशी बसवले असतील तर हे नक्की तपासा. वायरमन वर चढलाच आहे तर दांड्याच्या बोल्टमधली स्प्लिट पिन बसवून तिची टोकं फाकवली आहेत ना, हुकातला रबर जागेवर आहे ना, हेही बघायला सांगा. त्या पिनेअभावी नट सैल होत जातो, आणि मग प्रश्न पंखा बंद पडण्याचा राहत नाही, खाली पडण्याचा होतो.

वायरमनकडे मल्टिमीटर असेल तर वाइंडिंगचा निकाल दोन मिनिटांत लागतो. साध्या पंख्याच्या मोटरमधून तीन वायरी येतात. कपॅसिटर काढून दोन-दोन वायरींमधला रोध मोजला की तीन आकडे मिळतात, आणि सगळ्यात मोठा आकडा बाकीच्या दोघांच्या बेरजेएवढा असतो. हे जुळलं तर वाइंडिंग तुटलेलं नाही. एखाद्या जोडीत मीटर काहीच दाखवत नसेल, तर मात्र "मोटर गेली" म्हणायला आधार आहे.

पंखा बीएलडीसी असेल तर

१ जानेवारी २०२३ पासून छताच्या पंख्यांना स्टार लेबल सक्तीचं झालं आणि दुकानात बीएलडीसी पंखे सगळीकडे दिसू लागले. साधा पंखा ७५ वॅटच्या आसपास वीज खातो, हा ३० च्या आसपास. पण याच्या आत इलेक्ट्रॉनिक सर्किट असतं. ते घरातल्या एसीचं डीसी करून मोटर चालवतं आणि वेग स्वतः सांभाळतं. त्याला भिंतीवरचा जुना रेग्युलेटर नको असतो. रेग्युलेटर वीज कापून किंवा कमी करून देतो, सर्किट गोंधळतं, पंखा झटके देत चालतो किंवा बंद पडतो, कधी सर्किटच जातं. रेग्युलेटर ५ वर ठेवून भागत नाही. तो वायरिंगमधून काढूनच टाकायचा आणि पंखा थेट बटणावर घ्यायचा. नवा बीएलडीसी बंद पडल्यावर ही पहिली शंका घ्यावी असं माझं मत आहे.

दुसरी शंका रिमोटची. सेल बदला. बटण बंद करून मिनिटभराने चालू करा. रिमोट आणि पंख्याची जोडी तुटली असेल तर ती पुन्हा जुळवण्याची पद्धत प्रत्येक कंपनीची वेगळी असते. ती खोक्यातल्या माहितीपत्रकात दिलेली असते. खोकं टाकण्याआधी ते कागद काढून ठेवा.

फक्त पंखाच नाही, तर

पंखा बंद पडला त्याच वेळी काही दिवे भगभगीत आणि काही मिणमिणते दिसत असतील, टीव्ही किंवा चार्जरही गेला असेल, तर प्रकरण तुमच्या घराबाहेरचं असू शकतं. इमारतीला थ्री फेज वीज येते. तिचा न्यूट्रल तुटला की एखाद्या घरात २३० च्या जागी त्याहून कितीतरी जास्त व्होल्ट येऊ शकतात. ताबडतोब मेन बंद करा, शेजाऱ्यांना सांगा आणि १९१२ वर तक्रार नोंदवा. असं जळालेलं उपकरण वॉरंटीत बसवून घेणं कठीण जातं.

वॉरंटी घालवू नका

वीज नीट येते, रेग्युलेटर बाजूला काढून पाहिला, कपॅसिटर आणि जोड बघून झाले, तरीही पंखा ढिम्म? मग मोटर उघडायची नाही. कोपऱ्यावरचा कारागीर "शे-दोनशेत करून देतो" म्हणाला तरी नाही. उघडलेल्या मोटरवर वॉरंटी नाकारायला कंपनीला आयतं कारण मिळतं. बिल, वॉरंटी कार्ड आणि मोटरवरचा अनुक्रमांक यांचा फोटो काढा, कंपनीकडे तक्रार नोंदवा आणि तक्रार क्रमांक लिहून ठेवा. पंखा फिरत नसल्याचा छोटा व्हिडिओही कामी येतो, विशेषतः कधी चालणारा आणि कधी थांबणारा पंखा असेल तर, कारण तंत्रज्ञ आला की तो हटकून फिरतो. दुकानदार आणि कंपनी एकमेकांकडे बोट दाखवत राहिले तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे १९१५.

पंखा उतरवून न्यायला सांगितलं तर पाती एकत्र बांधून त्याच संचाची म्हणून खूण करून ठेवा. छतातून लोंबणाऱ्या वायरींची टोकं वेगवेगळी झाकून घ्या, कनेक्टर लावून किंवा निदान नीट टेप गुंडाळून. आणि पंख्याच्या बटणावर चिकटपट्टी लावा. खोलीत आलेला माणूस उकडलं की सवयीने तेच बटण दाबतो.