शेखर मांडे

डॉ. शेखर मांडे (जन्म : ५ एप्रिल, इ.स. १९६२) हे भारतीय संरचनात्मक जीवशास्त्रज्ञ आहेत. क्षयरोगाच्या जीवाणूतील प्रथिनांची त्रिमितीय रचना हा त्यांच्या संशोधनाचा प्रमुख विषय आहे. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राचे संचालक आणि वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचे (सीएसआयआर) महासंचालक म्हणून त्यांनी काम केले आहे.

शिक्षण

मांडे यांनी नागपूर विद्यापीठातून इ.स. १९८४ मध्ये भौतिकशास्त्रात एम.एस्सी. केले. त्यानंतर बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील आण्विक जीवभौतिकी विभागात प्रा. एम. विजयन यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी इ.स. १९९१ मध्ये पीएच.डी. मिळवली. कोलॅजेन या प्रथिनाच्या रचनेसाठी प्रसिद्ध असलेले जी. एन. रामचंद्रन हे या विभागाचे संस्थापक होत. पुढे मांडे यांनी नेदरलँड्समधील ग्रोनिंगन विद्यापीठात आणि अमेरिकेत सिॲटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात विम हॉल यांच्या गटात संशोधन केले.

संशोधन

प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची लांब साखळी. ती ठरावीक प्रकारे दुमडली गेली, तरच प्रथिन आपले काम करू शकते. दुमडण्याच्या या क्रियेत काही साखळ्यांना ज्या साहाय्यक प्रथिनांची मदत लागते, त्यांना शॅपेरॉन म्हणतात. शुद्ध प्रथिनाचे स्फटिक तयार करून त्यांवर क्ष-किरण सोडले असता, किरणांच्या विखुरण्यावरून अणूंच्या जागा निश्चित करता येतात. मांडे यांचे बहुतांश काम या पद्धतीवर आधारलेले आहे.

कुष्ठरोगाच्या जीवाणूतील शॅपेरोनिन-१० या प्रथिनाची घुमटाकार रचना मांडे, हॉल व त्यांच्या सहकाऱ्यांनी इ.स. १९९६ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध केली. भारतात परतल्यावर मांडे यांनी क्षयरोगाच्या जीवाणूकडे लक्ष वळवले.

ई. कोलाय या जीवाणूतील ग्रोईएल हे शॅपेरॉन १४ घटकांचे असते. सात-सात घटकांची दोन कडी एकमेकांना पाठ लावून बसतात आणि त्यांच्या पोकळीत प्रथिनाला दुमडण्यास आडोसा मिळतो. क्षयरोगाच्या जीवाणूत ग्रोईएलची दोन जनुके आहेत. ही प्रथिने ई. कोलायमध्ये तयार करून तपासली असता, ती १४ घटकांची कडी न बनवता लहान समूहांत राहतात आणि त्यांची एटीपी वापरण्याची क्षमता क्षीण असते, असे मांडे यांच्या गटाला इ.स. २००४ मध्ये आढळले. तरीही इतर प्रथिनांना गोळा होऊन निकामी होण्यापासून ती रोखत होती. त्याच वर्षी या गटाने ग्रोईएल-२ ची ३.२ अँगस्ट्रॉम विभेदनाची स्फटिक-रचना प्रसिद्ध केली. (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा एक हजार कोटीवा भाग.) तीत हे प्रथिन दोन घटकांच्या जोडीने आढळले.

मग कडी बनतात तरी कशी, या प्रश्नावर इ.स. २००९ मधील कामाने प्रकाश टाकला. जीवाणूतील मूळ ग्रोईएल-१ एकेरी आणि दुहेरी अशा दोन्ही कड्यांच्या रूपात असते, आणि सेरीन या अमिनो आम्लाला फॉस्फेट जोडले जाण्याशी हा बदल निगडित आहे, असे त्यात दाखवले गेले. ई. कोलायमध्ये बनवलेल्या प्रथिनावरून मूळ जीवाणूतील वर्तनाचा पूर्ण अंदाज येत नाही, हा या कामाचा महत्त्वाचा बोध होय. ग्रोईएल-१ हे डीएनएशी बांधले जाते, हेही याच गटाने त्याच वर्षी दाखवले. एका जनुकाची दुसरी प्रत निर्माण झाल्यावर तिच्याकडे नवे काम येऊ शकते, या उत्क्रांतीविषयक विचाराला त्यामुळे ठोस उदाहरण मिळाले.

याखेरीज जीवाणूला ऑक्सिडीकरणापासून वाचवणाऱ्या थायोरेडॉक्सिन प्रणालीचा आणि प्रथिनांमधील परस्परसंबंधांच्या जाळ्याचा संगणकीय अभ्यासही मांडे यांच्या गटाने केला.

कार्यकाळ

इ.स. १९९६ ते २००१ या काळात मांडे चंडीगडच्या सूक्ष्मजीव तंत्रज्ञान संस्थेत, तर २००१ ते २०११ या काळात हैदराबादच्या डीएनए फिंगरप्रिंटिंग आणि निदान केंद्रात होते. २०११ ते २०१८ पर्यंत त्यांनी राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राचे संचालकपद सांभाळले. ऑक्टोबर २०१८ ते एप्रिल २०२२ या काळात ते सीएसआयआरचे महासंचालक होते. कोविड-१९ च्या साथीची पहिली दोन वर्षे याच कार्यकाळात आली.

पुरस्कार

जीवशास्त्रातील योगदानाबद्दल मांडे यांना इ.स. २००५ चा शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार मिळाला. ते भारतीय राष्ट्रीय विज्ञान अकादमीचे आणि बंगळूरच्या भारतीय विज्ञान अकादमीचे अधिछात्र आहेत.