धाकटीं विमानें

थोरल्या भावाचा सदरा आंखूड करून धाकट्यास घालावा, ही आपल्या घरांतील जुनी काटकसर. कापड तेंच, शिवणही तीच. नवा खर्च जवळजवळ नाहीं. विमानें बांधणाऱ्या कारखान्यांसही हाच मोह वारंवार पडत आला आहे. एखादें मोठें जेट विमान नांवारूपास आलें, कीं त्याच्या धडांतून कांहीं हात लांबी काढून टाकावी आणि कमी उतारूंच्या मार्गांसाठीं त्याचें एक धाकटें भावंड तयार करावें, हा विचार वरवर पाहतां अगदीं बिनतोड वाटतो. परंतु गेल्या पन्नास वर्षांचा अनुभव निराळा आहे. नुसतें आंखूड केलेलें विमान बहुधा महागच पडलें आहे.

हा विषय केवळ तज्ज्ञांचा म्हणून सोडून देण्यासारखा आतां राहिलेला नाहीं. पनवेलनजीकच्या सुकापूर गांवापासून पश्चिमेस, थोड्याच मैलांवर, नवी मुंबईचा विमानतळ उभा राहिला. ८ ऑक्टोबर २०२५ रोजीं त्याचें उद्घाटन झालें आणि २५ डिसेंबरपासून तेथून उतारूंची ने-आण सुरू झाली. येथून कोणकोणत्या गांवीं जातां येईल, हें धांवपट्टीवर जितकें अवलंबून आहे, तितकेंच विमानाच्या आकारावरही आहे.

आंखूड विमान महाग कां पडावें? विमानाचे पंख, त्याचीं इंजिनें आणि चाकांचा सांगाडा हीं सारीं एका ठराविक वजनासाठीं घडविलेलीं असतात. धडांतून खुर्च्यांच्या कांहीं रांगा काढल्या, तरी हीं अंगें तशींच राहतात. उतारू कमी झाले, पण त्या मानानें धातूचें ओझें कमी झालें नाहीं. वैमानिकही दोनाचा एक करतां येत नाहीं. दुसरी अडचण तरफेची. शेंपटीकडील उभा पंख विमानास सरळ ठेवितो. तो मध्यापासून जितका दूर, तितका त्याचा जोर अधिक. धड आंखूड झालें कीं हें अंतर घटतें, आणि मग तो पंख उंच करावा लागतो. लांबी कमी करण्यासाठीं उंची वाढवावी, असा हा उलटा व्यवहार आहे.

ह्याचें ठळक उदाहरण बोइंग ७४७ एसपी. अमेरिकेच्या पॅन ॲम कंपनीस न्यूयॉर्कहून टोकियोस वाटेंत न थांबतां जाणारें विमान हवें होतें. बोइंगनें आपल्या प्रसिद्ध जंबोची लांबी सुमारें १४ मीटर कमी केली; ४ जुलै १९७५ रोजीं हें विमान प्रथम उडालें. वजन घटल्यामुळें तें फार दूरवर जाई, हा त्याचा गुण निर्विवाद होता. परंतु पुढें मोठ्या जंबोसच तितका पल्ला आला, आणि ह्या धाकट्याची मागणी आटली. एकंदर ४५ विमानें बांधून काम थांबलें. एअर इंडियाकडे १९७१ पासून जंबो विमानें होतीं; पण हें आंखूड जंबो तिनें कधीं घेतलें नाहीं.

तिनें घेतलें तें एअरबस ए ३१०, आणि त्याची कथा अधिक बोधप्रद आहे. एअरबसचें पहिलें विमान ए ३००. इंडियन एअरलाइन्सनें तें १९७६ सालीं आपल्या देशांत आणलें. त्याहून लहान विमान काढावयाचें ठरलें, तेव्हां दोन मार्ग पुढें होते : जुन्याच पंखांवर आंखूड धड बसवावें, किंवा पंखही नव्यानें आंखावे. पहिला मार्ग स्वस्त होता; पण लुफ्तान्सा आणि स्विसएअर ह्या पहिल्या गिऱ्हाइकांनीं नव्या पंखांचा आग्रह धरिला. पंखांचें क्षेत्रफळ २६० चौरस मीटरवरून २१९ वर आलें, म्हणजे सुमारें एक षष्ठांश कमी झालें. १९८२ सालीं ए ३१० आकाशांत गेलें. एकंदर २५५ विमानें विकलीं गेलीं.

एअर इंडियाचीं बोइंग ७०७ विमानें १९६० पासूनचीं. तीं म्हातारीं झालीं होतीं. त्यांच्या जागीं १९८६ पासून ए ३१०-३०० येऊं लागलीं. आखाती देशांत पोटापाण्यासाठीं जाणाऱ्या रत्नागिरी-रायगडच्या किती तरी कुटुंबांचा संसार ह्या विमानांच्या फेऱ्यांशीं जोडला गेला. जंबो भरण्याइतके उतारू जेथें मिळत नसत, तेथें हें धाकटें विमान परवडे. सुमारें पाव शतक त्यांनीं एअर इंडियाची सेवा केली.

मग पंख न बदलतां केलेलें प्रत्येक विमान फसतें काय? तसेंही नाहीं. ए ३२० हें विमान पावणेचार मीटरनीं कमी करून १९९५ सालीं ए ३१९ निघालें, आणि तें चांगलें खपलें. इंडियन एअरलाइन्सनें २००६ सालीं ठरविलेल्या ४३ विमानांत १९ ह्याच जातीचीं होतीं. येथें कात्री थोडीच चालली होती, आणि थोरल्याचे वैमानिक व सुटे भाग धाकट्यास जसेच्या तसे चालत. तीच कात्री आणखी चालविली तेव्हां ए ३१८ झालें. त्याचीं अवघीं ८० विमानें बनलीं. बोइंग ७३७-६०० ची संख्या तर ६९ वरच थांबली.

उलट दिशेचा मार्ग ब्राझीलच्या एम्ब्रेअर कारखान्यानें धरिला. त्यानें आधीं लहान विमान नीट घडविलें, मग तें किंचित् लांबविलें, आणि त्याहून मोठें करावयाच्या वेळीं पंखही मोठे दिले. कोल्हापूर जिल्ह्यांतील घोडावत उद्योगसमूहाची स्टार एअर २०१९ पासून चालू आहे, ती ह्याच कारखान्याच्या लहान जेट विमानांवर.

आतां पुन्हां पनवेलकडे वळूं. विमान लहान असो वा मोठें, उतरतांना धांवपट्टी जवळजवळ तेवढाच वेळ अडवितें. मुंबईच्या जुन्या विमानतळाच्या दोन धांवपट्ट्या एकमेकींस छेदतात, म्हणून एका वेळीं एकच वापरतां येते. अशा गर्दींत लहान गांवांच्या विमानांस जागा मिळणें कठीण. नव्या विमानतळामुळें ती जागा निर्माण झाली आहे. पण नांदेड-कोल्हापूरच्या उतारूंस भाडें परवडेल असें विमान त्या जागेवर उतरलें पाहिजे. पनवेल तालुक्यांतील दहा गांवांनीं आपलीं घरें ह्या धांवपट्टीसाठीं सोडिलीं. तिचा उपयोग केवळ दुबई-दिल्लीच्या उतारूंस व्हावा, कीं जिल्ह्याच्या गांवासही, हें ठरविणाऱ्यांनीं धाकट्या विमानांचा हा जमाखर्च एकदां अवश्य चाळावा.