मुक्ताबाईचा निबंध आणि आपल्या पोरांच्या वह्या

शाळेतल्या निबंधाचा इतिहास कुणी लिहीत नाही. कवितेचा लिहितात, कादंबरीचा लिहितात, नाटकावर तर खंडच्या खंड निघतात. शाळेतल्या पोरानं वहीत लिहिलेला निबंध म्हणजे मास्तरनं लाल शाईनं तपासायचा आणि वर्षाअखेर रद्दीत घालायचा कागद. एवढीच त्याची किंमत. पण मित्रहो, आपल्या आधुनिक गद्याच्या आरंभाला एक शाळेतला निबंधच आहे. तो प्रस्थापितांच्या पोरानं लिहिलेला नाही. मांगाच्या पोरीनं लिहिलाय.

साल १८५५. 'ज्ञानोदय' हे अमेरिकन मराठी मिशनचं पत्र, १८४२ साली अहमदनगरला निघालेलं. त्याच्या १५ फेब्रुवारी आणि १ मार्च १८५५ च्या अंकांत एक निबंध दोन हप्त्यांत छापून आला. लिहिणारी मुक्ताबाई. वय चौदा. शिक्षण तीन वर्षांचं, पुण्यात जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेत. विषय मांग-महारांचं दुःख. दलित स्त्रीचं आज हाती असलेलं हे सर्वांत जुनं लेखन मानतात. 'विमेन रायटिंग इन इंडिया' या ग्रंथात त्याचं इंग्रजी भाषांतर आलं ते १९९१ साली. म्हणजे १३६ वर्षांनी. तोवर मराठी वाङ्मयाच्या इतिहासाची जाडजूड पुस्तकं किती निघाली, आणि त्यांत या पोरीला किती ओळी मिळाल्या, ते ज्यानं त्यानं काढून बघावं.

मला इथं तिचे गोडवे गायचे नाहीत. जयंतीला हार घालून मोकळं होणारे पुष्कळ आहेत. मी दिंडोरी तालुक्यात पोरांना मराठी शिकवतो. मला तो निबंध सुताराच्या नजरेनं बघायचाय. सांधा कुठं जोडला, भार कुठं पेलला, ते बघायचंय.

सुरुवातीलाच ती प्रश्न टाकते. वेद ब्राह्मणांचेच, ते आम्ही बघायचेही नाहीत, असं असेल तर आमचा धर्म कोणता? हा प्रश्न ती सरळ देवाला विचारते. रडगाणं नाही, विनवणी नाही. कोर्टात वकील उभा राहावा तशी उभी राहते. मग पुरावा. पेशवाईत मांग-महारांना जमिनीवरून कसं हुसकलं, इमारतीच्या पायात माणसं कशी पुरली, तालमीसमोरून गेलेल्याचं काय झालं. जागा सांगते, राज्य कुणाचं ते सांगते. मग जनावराशी तुलना. मग बाळंतपण. आमच्या बाया बाळंत होतात तेव्हा डोक्यावर धड छप्पर नसतं, थंडी-पावसात त्यांचे हाल होतात, हे चौदा वर्षांची पोर लिहिते. हे तिनं कुठल्या पोथीतून घेतलं नाही. घरात, वस्तीत बघितलं आणि लिहिलं. मग आधीचं राज्य आणि आताचं राज्य यांतला फरक. आणि शेवटी ती आपल्याच माणसांकडं वळते, शिका म्हणून सांगते.

प्रश्न, पुरावा, तुलना, आणि शेवटी आपल्या माणसांशी बोलणं. निबंध शिकवायला याहून वेगळं व्याकरण लागत नाही.

हे एका पोरीच्या अंगभूत हुशारीवर ढकलून चालणार नाही. तिला शिकवणारं कुणीतरी होतं. अक्षरं गिरवून घेतल्यावर 'आता तुझं सांग' असं म्हणणारी ती शाळा असली पाहिजे, नाहीतर तीन वर्षांच्या शिक्षणात हे होत नसतं. जोतीरावांनी १८८२ साली हंटर कमिशनपुढं निवेदन दिलं. त्यात प्राथमिक शाळेत मोडी आणि बाळबोध वाचन-लेखन हवं, हिशोब हवा, शेतीची माहिती हवी, असं सांगितलं. शिक्षक शेतकरी वर्गातून यावेत, पोरांत मिसळणारे असावेत, असंही सांगितलं. कारण उघड आहे. ज्याला पोराचं घर माहीत नाही, त्याला पोरानं घराबद्दल लिहिलेलं खरं की खोटं ते कळत नाही. कळलं तरी ऐकवत नाही.

मुक्ताबाईचा निबंध छापून आला त्याच्या पुढच्याच वर्षी, जून १८५६ मध्ये, मुंबई इलाख्यातल्या धारवाडला एका महार मुलानं सरकारी शाळेत प्रवेश मागणारा अर्ज केला. फी भरायची त्याची तयारी होती. प्रवेश मिळाला नाही. एका पोरासाठी बाकीची पोरं शाळा सोडतील, असा सरकारचा हिशोब. बाबासाहेबांनी या प्रकरणाची दखल घेतलीय. त्या मुलाला शाळा मिळाली नाही, पण अर्ज उरला. अर्ज होता म्हणून नकाराची नोंद झाली, आणि नोंद होती म्हणून आज आपण तो नकार दाखवू शकतो. निबंध असो की अर्ज, आपल्या माणसाला लिहिणं हे असं कामाला आलंय.

पुढं दारं उघडली. पोरं शाळेत बसली. आणि वहीचं काय झालं?

वहीत 'माझी सहल' आली. 'पावसाळ्यातील एक दिवस', 'मी पंतप्रधान झालो तर', 'फाटक्या पुस्तकाचे आत्मवृत्त' आलं. बाजारात गाईडं आली, आता मोबाईलवरून उतरवणं आलं. विषय वाईट नाहीत. वाईट आहे ती त्यांची ठरलेली उत्तरं. आमच्या तालुक्यात द्राक्षबागा आहेत. पेठ-सुरगाण्याकडची आदिवासी कुटुंबं छाटणीला, विरळणीला, डिपिंगला येतात. बागेच्या कडेला प्लॅस्टिकच्या कागदाचं पाल ठोकून राहतात. अशा पालातला एक सातवीतला पोरगा. त्यानं 'माझे घर' या विषयावर लिहिलं, आमचा बंगला आहे, पुढं बाग आहे, बागेत गुलाब आहेत, संध्याकाळी बाबा झोपाळ्यावर पेपर वाचतात. अक्षर सुंदर. शुद्धलेखनाची एक चूक नाही. दहापैकी आठ मार्क पडावेत असा निबंध.

त्याच वहीच्या मागच्या पानावर पेन्सिलीनं एक हिशोब होता. बापानं मुकादमाकडून उचल किती घेतली, किती दिवस भरले, किती फिटली, किती राहिली. आई-बापाला येत नाही म्हणून पोरगाच हिशोब ठेवायचा. मला विचाराल तर त्याचा निबंध मागच्या पानावर होता. पुढच्या पानावर होती ती चोरी.

चोरी हा शब्द मी मुद्दाम वापरतो. आपल्याच जिल्ह्यातल्या विहितगावात १९३० साली जन्मलेल्या बाबुराव बागुलांनी १९६३ साली कथासंग्रह दिला, त्याचं नाव 'जेव्हा मी जात चोरली होती'. त्या गोष्टीतला रेल्वेत नोकरीला लागलेला माणूस राहायला खोली मिळावी म्हणून जात लपवतो, आणि उघडकीला आल्यावर मार खातो. त्याला निदान ठाऊक तरी असतं की आपण लपवतोय. आमच्या पोराला शाळाच शिकवते की तुझं पाल, तुझ्या बापाची उचल, तुझ्या आजीची बोली ही लिहिण्यालायक नाही. बंगला लिही, मार्क मिळतील. सातवीतच पोरगा स्वतःचं घर चोरतो, आणि त्याला शाबासकी मिळते.

मग वर्गात काय करायचं? मी करतो ते साधं आहे. 'सुंदर', 'रम्य', 'नयनमनोहर' हे शब्द महिनाभर बंद. त्यांच्या जागी कोण, कुठं, किती, आणि मग काय झालं. त्या पोराला म्हटलं, डिपिंग कसं करतात ते मला सांग, मला येत नाही. त्यानं दोन पानं लिहिली. औषधाचा मग कसा धरायचा, घड कसा बुडवायचा, हात दिवसभर कसे चिकट राहतात, वेलीवर जास्त घड ठेवले तर एकही नीट का पोसत नाही. कुठं 'व्हतं' लिहिलं, कुठं कोकण्यांच्या बोलीतला शब्द आला. मी पहिल्या वाचनाला लाल पेन हातात घेत नाही. आधी वर्गात मोठ्यानं वाचून घेतो. पोरं विचारतात, 'मग रे?' जिथं 'मग रे?' येतं तिथं मजकूर कमी पडलाय, हे लिहिणाऱ्याला आपोआप कळतं. ऱ्हस्व-दीर्घ सगळ्यात शेवटी. प्रमाण भाषा शिकवायचीच, अर्ज करायला ती लागते. पण आजी बोलली असेल तर आजीच्याच तोंडानं बोलली पाहिजे.

गोष्ट लिहायची तर एवढंच सांगतो की एका माणसाला काहीतरी हवंय आणि ते मिळत नाहीये. बागुलांच्या माणसाला खोली हवी होती. तात्पर्य लिहायचं नाही. ते वाचणारा काढील.

यावर आपल्यातलेच काही म्हणतात, परीक्षेत मार्क कोण देणार? प्रश्न खरा आहे. पण प्रश्न-पुरावा-तुलना साधलेला पोरगा परीक्षेचा निबंधही बरा लिहितो. पाठ केलेला विषय आला नाही तर गाईडवाला अडतो, हा अडत नाही. दुसरा आक्षेप जास्त मोलाचा आहे. गरिबाच्या पोराकडून दुःखच लिहून घ्यायचं का? अजिबात नाही. दुःखाचंही गाईड होऊ शकतं. पोराला जे येतं ते लिहू द्या. मासे धरणं, विटी-दांडू, घड मोजणं. कुणाला घरचं सांगायचं नसेल तर सांगू नये, जबरदस्ती नाही. मुक्ताबाई तरी कुठं रडली? तिनं जाब विचारला.

दिंडोरीच्या पोरांना मी आणखी एक गोष्ट सांगतो. आपल्या तालुक्यातल्या आंबे गावी १५ ऑक्टोबर १९०२ रोजी भाऊराव कृष्णाजी गायकवाड जन्मले. पुढं ते दादासाहेब झाले. २ मार्च १९३० ला नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, त्यात ते बिनीला होते. बाबासाहेब मुंबईत, भाऊराव नाशकात, आणि मधे पत्रं. ३ मार्च १९३४ च्या पत्रात बाबासाहेबांनी त्यांना कळवलं की आपली ताकद आता मंदिरप्रवेशावर खर्च न करता शिक्षण आणि राजकारणावर लावावी. आंदोलनाची दिशा बदलली, ती कागदावर लिहून आली. ती पत्रं दादासाहेबांनी जपली म्हणून आज पुस्तकात वाचायला मिळतात. आणि सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे वामनदादा कर्डक मोठेपणी मुंबईत अक्षरं शिकले, मग त्यांची गाणी वस्ती-वस्तीत गेली. आंबे, विहितगाव, देशवंडी. तिन्ही गावं एकाच जिल्ह्यातली. पोरांना हे आधी खरं वाटत नाही, मग नकाशावर बोट ठेवून बघतात.

म्हणून म्हणतो, मित्रहो, ज्यांच्या घरात शाळेत जाणारं पोर आहे त्यांनी आज त्याची वही उघडून बघा. पुढची पानं बघा आणि मागचीही बघा. बंगला आणि गुलाब दिसले तर पोरावर ओरडू नका. त्याच्या शेजारी बसा आणि विचारा, 'आपल्या घरात काय काय आहे, सांग बरं?' सांगेल ते लिहू द्या. आणि लिहिलेलं रद्दीत घालू नका.