बलकाचा खटला

युरोपात अंडं सणाचं झालं, ते त्यावर बंदी होती म्हणून. मध्ययुगीन चर्चच्या नियमाप्रमाणे ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपासात मांसाबरोबर दूध, लोणी आणि अंडीही वर्ज्य असत. कोंबड्यांना हा नियम लागू नव्हता. वसंतात त्या अंडी घालतच राहायच्या आणि उपास सुटेपर्यंत घराघरात अंड्यांचा साठा व्हायचा. इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याच्या १२९० सालच्या खर्चात ईस्टरच्या ४५० अंड्यांसाठी १८ पेन्स मांडलेले आहेत. ती अंडी रंगवून, सोन्याचा वर्ख लावून दरबारातल्या लोकांना वाटायची होती. श्रावण पाळणाऱ्या घरात वाढलेल्याला हा हिशोब समजावून सांगावा लागत नाही.

विसाव्या शतकात अंड्यावर दुसरी बंदी आली. ती डॉक्टरांची होती आणि तिला उपास सुटायचा दिवस नव्हता.

तिची सुरुवात सशांपासून झाली. १९१३ साली सेंट पीटर्सबर्गमध्ये निकोलाय अनिचकोव्ह यांनी सशांना सूर्यफुलाच्या तेलात विरघळवलेलं शुद्ध कोलेस्टेरॉल खाऊ घातलं. सशांच्या रोहिण्यांत माणसाच्या रोगासारखे थर जमले. शोध मोलाचाच होता. पण ससा पडला गवत खाणारा, त्याच्या शरीराला आहारातल्या कोलेस्टेरॉलची सवय नाही. उंदरांमध्ये तसं घडेना. तरी रक्तातलं कोलेस्टेरॉल वाईट, म्हणून ताटातलं कोलेस्टेरॉल वाईट, हे समीकरण सोपं होतं आणि ते टिकलं. १९६८ साली अमेरिकन हार्ट असोसिएशनने दिवसाला ३०० मिलिग्रॅमची मर्यादा घातली आणि आठवड्याला तीनपेक्षा जास्त बलक नकोत, असं सांगितलं. एका मोठ्या अंड्याच्या बलकात सुमारे १८६ मिलिग्रॅम कोलेस्टेरॉल असतं.

मार्च १९८४ मध्ये 'टाइम' साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर एक ताटली झळकली. दोन अंड्यांचे डोळे आणि बेकनच्या पट्टीचं वाकलेलं तोंड, असा रडका चेहरा. निमित्त होतं एका मोठ्या चाचणीचं. ३,८०६ पुरुषांवर झालेल्या त्या चाचणीत कोलेस्टेरॉल कमी केल्यावर हृदयविकाराचे झटके कमी झाले होते. पण तिथे तपासलं गेलं होतं कोलेस्टायरामाइन नावाचं औषध. अंड्याची परीक्षा त्यात झालीच नव्हती. आमच्या धंद्याच्या भाषेत सांगायचं, तर टेस्ट एका मॉड्यूलची आणि बग नोंदवला दुसऱ्याच्या नावावर.

गंमत म्हणजे त्याच सुमारास आपल्याकडे उलटं चाललं होतं. १९८२ साली पुण्याचे बी. व्ही. राव यांच्या पुढाकाराने राष्ट्रीय अंडी समन्वय समिती उभी राहिली आणि रोज अंडी खा, असं दूरदर्शनवरून सांगू लागली. ज्या देशात प्रथिनांची टंचाई, तिथे अंडं नायक. जिथे सुबत्ता, तिथे आरोपी.

खरा धागा वेगळीकडे होता. शरीरातलं बहुतेक कोलेस्टेरॉल यकृतच बनवतं. १९८५ चं नोबेल मिळवणाऱ्या ब्राउन आणि गोल्डस्टीन यांनी दाखवलं, की रक्तातलं एलडीएल उचलून घेणारे ग्राहक पेशींवर असतात. लोणी, तूप, बेकन यांतला संतृप्त स्निग्धांश जास्त झाला, की यकृतातलं हे उचलण्याचं काम मंदावतं. एका अंड्यात असा स्निग्धांश दीड ग्रॅमच्या आसपास, तर एक टेबलस्पून लोण्यात सात ग्रॅम. म्हणजे अंड्यापेक्षा त्याची संगत जास्त महत्त्वाची. आणि अमेरिकेत ती संगतही जाहिरातीने घट्ट केली होती: १९२० च्या दशकात एडवर्ड बर्नेज यांनी बेकन विकणाऱ्या कंपनीसाठी डॉक्टरांची मतं गोळा करून 'भरपेट न्याहारी'चा प्रचार केला होता.

आमच्या घरी बाबांच्या अँजिओप्लास्टीनंतर बलक काढून फेकायची पद्धत पडली. टोस्टवरच्या लोण्याबद्दल मात्र कुणी अवाक्षर काढलं नाही. अशी किती घरं असतील!

२०१५ सालच्या अमेरिकन आहार मार्गदर्शिकेतून ३०० मिलिग्रॅमची मर्यादा गेली. ही निर्दोष मुक्तता नव्हे. मधुमेह असलेल्यांबाबत अभ्यासांचे निष्कर्ष अजून एकमेकांशी जुळत नाहीत, आणि ज्याचं एलडीएल चढलेलं आहे त्याने आपल्या डॉक्टरांचंच ऐकावं. पण बाकीच्यांना सणाच्या सकाळी ताट सजवायला हरकत नाही. त्यासाठी परदेशी पाककृतीही नको. गोव्यातली कोंड्याची पोई घ्या, तव्यावर कोरडी भाजा. पारशांची अकुरी करा: कांदा, टोमॅटो, हिरवी मिरची, कोथिंबीर, दोन चमचे तेल, आणि अंडी मंद आचेवर ओलसर असतानाच उतरवायची. शेजारी पपईच्या फोडी ठेवा. पिवळा, लाल, हिरवा. रंगवायला आणखी काही लागत नाही. लोणी तेवढं बाजूला राहू द्या. खटला मुळात त्याच्यावर चालायला हवा होता.