पाटणचा मठ

९ ऑगस्ट १२०७

श्रावणी पौर्णिमेच्या चंद्रग्रहणाला, आजच्या चाळीसगावजवळच्या पाटण इथे निकुंभ घराण्यातील सोइदेवाने एका मठाला दान दिले. मठ स्थापला तो भास्कराचार्यांचा नातू चंगदेव याने. तिथे ‘सिद्धान्तशिरोमणी’ आणि आजोबांचे इतर ग्रंथ शिकवले जावेत, हा हेतू.

नऊ ऑगस्ट म्हणजे क्रांतिदिन, हे ठीकच. पण ही नोंद खास खानदेशाची. शून्याच्या भागाकारापासून ग्रहगती, गोल आणि आपोआप फिरणाऱ्या चाकापर्यंत डोके चालवलेल्या माणसाच्या अभ्यासाला गावाच्या बाजारातून रसद मिळाली. बाजारात येणाऱ्या मालावरचा राजाचा वाटा मठाला गेला, प्रत्येक घाण्यामागे पळीभर तेलही. या दानाच्या शिलालेखातला हा हिशेब जुन्या मराठीत आहे. श्लोक संस्कृतात, देण्याघेण्याची बोली लोकांची. करार तेल्याला कळला पाहिजे, एवढी अक्कल त्या काळी होती.

पुढे भास्कराचार्यांची ‘लीलावती’ १५८७ मध्ये मुघल दरबारातला कवी फैजी याने फारसीत नेली, सतराव्या शतकात शाहजहानच्या दरबारी त्यांच्या ‘बीजगणिता’चाही फारसी अनुवाद झाला. जळगावच्या मेहरूणहून याच पाटणच्या पाटणादेवीला निघणारा मात्र बहुधा धबधबा आणि देवीदर्शन उरकून परततो. जिल्ह्यातल्या गणिताच्या शिक्षकांनी वर्षातून एक तास तरी या शिलालेखावर घ्यावा.